वरच्या मुठीचं वरण

निरोप आला तेव्हा मी शेलूबाजारच्या आठवडी बाजारात तुरीची डाळ घेत होते. वाशीमहून आलेल्या जीपच्या ड्रायव्हरने गर्दीतून मला शोधून काढलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "बाई, तुमच्या मोठ्या जाऊबाई सकाळी गेल्या. गुरुजीले घेऊन लवकर निंगा." डाळवाल्याचं पारडं तेव्हा नुकतं खाली टेकलं होतं. त्यानेही ऐकलं. डाळ पिशवीत ओतून त्याने रिवाजाप्रमाणे वरून टाकायची एक मूठ उचलली, आणि अशा वेळी ती टाकावी की नाही हे न कळून त्याचा हात जरा घुटमळला... मग टाकलीच. वाशीमपर्यंत ती पिशवी माझ्या मांडीवर होती. शेजारी यजमान डोळे पुसत होते. मला रडू आलं नाही. मोठ्याबाईंसाठीचं माझं रडणं आधीच, त्या दुष्काळाच्या सालात, होऊन गेलं होतं.

मोठ्याबाई म्हणजे अनुसयाबाई, माझ्या थोरल्या जाऊ. पेपरात नाव यावं असं त्यांनी आयुष्यात काही केलं नाही. त्यांनी फक्त बाजार केला. पण तो जसा केला तसा मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेला नाही, आणि त्या बाजाराने त्यांचं जे केलं तेही मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते. ज्यांच्या घरी वाण्याचा माणूस किराणा आणून टाकतो त्यांना हे कदाचित क्षुल्लक वाटेल. वाटो.

लग्न होऊन मी वाशीमच्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा घरात पगार एकच होता, माझ्या भासऱ्यांचा. भासरे म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, मोठ्याबाईंचे पती. कचेरीत शिपाई. आईबापामागे त्यांनीच धाकट्या भावाला वाढवलं, आणि लग्नानंतरही त्याला अकोल्याला डी.एड.ला ठेवलं. महिन्याचा पगार हातात पडला की आधी अकोल्याची मनीऑर्डर जायची, मग उरलेल्यात भासरे, मोठ्याबाई, त्यांच्या दोन मुली आणि मी. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे वाचताना तुम्हाला त्यांचा राग येईल. मलाही यायचा. पण माझ्या यजमानांची नोकरी, आणि मग माझी, दोन्ही त्या मनीऑर्डरीवर उभ्या आहेत.

पहिल्याच बाजाराला मोठ्याबाईंनी मला वाटेत थांबवून शिकवण दिली. "बाजारात तू माही कोनी नाई. मी तुही कोनी नाई. समजलं?" मला वाटलं, नव्या जावेची लाज वाटते की काय. तर तसं नव्हतं. "भाव साऱ्याइले सारखाच लागते वो. मूठ मात्र ज्याच्या त्याच्या हाताची," त्या म्हणाल्या. "एका जागी घेतलं त मूठ एक. चार जागी घेतलं त चार." म्हणजे घरात लागणारी डाळ त्या कधी एका दुकानातून घ्यायच्या नाहीत. पावशेर इथून, पावशेर तिथून, आणि त्या पुढे सरकल्या की थोड्या वेळाने मी त्याच दुकानी परकी बाई म्हणून उभी. दर वेळी वरून एक मूठ. इतर बायका दुकानदाराची जीभ पारखत, या त्याचा पंजा पारखत. रुंद हाताचा माणूस दोन पैसे महाग असला तरी त्यांना परवडायचा. एकदा मिरचीवालीने मला हटकलं, "आत्ताच एक बाई घेऊन गेली, पोलकं असंच होतं." भासऱ्यांनी काटकसर म्हणून आम्हा दोघींची पोलकी एकाच ताग्यातून शिवून घेतली होती. एका काटकसरीने दुसरीची चुगली केली. त्या दिवशी घरी येईपर्यंत मोठ्याबाई हसत होत्या. हसताना त्या पदर तोंडात धरत... तसं त्यांना हसताना पाहिल्याला किती काळ लोटला, आता आठवतही नाही.

डाळीच्या ओळीत हबीबचाचांचं दुकान होतं. त्यांचा पंजा बाजारात सगळ्यांत मोठा. आमचं सोंग त्यांच्यापासून लपलं नव्हतं. मी समोर गेले की ते तराजू उचलत आणि इकडेतिकडे बघत म्हणत, "एक बहेन ले गई, दुसरी आ गई. अब तिसरी किधर है?" आणि मूठ टाकतच.

तिसरी खरंच आली. मोठ्याबाईंची धाकटी बहीण, शेवंता. रिठदला दिलेली. तिचा उजवा हात लहानपणी चुलीत भाजला होता, बोटं आखडून तळव्याला चिकटल्यासारखी झाली होती. तिला विळा धरता येत नव्हता, कापूस वेचता येत नव्हता. वऱ्हाडात ज्या बाईला निंदण-वेचणी जमत नाही तिला सासरी कोण ठेवतं? नवऱ्याने दुसरी केली आणि हिला बसमध्ये बसवून दिलं. माहेरी आईबाप नव्हते, भाऊ नव्हता. एक बोचकं काखेत धरून ती आमच्या दारात उभी राहिली, आणि मोठ्याबाईंनी काही न विचारता तिला आत घेतलं.

भासरे संध्याकाळी आले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "चार दिस राहू दे. पन हे घर पाच तोंडाईचं हाये. साहवं म्या कुठून भरू?" आवाज चढलेला नव्हता. तेच जास्त लागलं. शेवंता आतल्या खोलीत होती, आणि त्या घरात बाहेरचं आत ऐकू येत नाही असं काही नव्हतं. मोठ्याबाईंनी भाकरी तव्यावरून उतरवली, चुलीशी उभी केली, आणि म्हणाल्या, "तुमच्या पैशाचा दाना तिच्या ताटात पडनार नाई. वरची मूठ तुमी विकत आनता का?"

"नाई."

"मंग थे तिची."

भासरे हिशेबी माणूस, त्याला बायकोने हिशेबातच धरलं. त्यांनी हात धुतले आणि "तुहं तू पाय बापा" एवढंच म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बहिणीला घरात ठेवून घेतल्याचा आनंद मोठ्याबाईंच्या तोंडावर त्या दिवशी मावत नव्हता. आपण स्वतःलाच केवढ्या शब्दात बांधून घेतलं, हे तेव्हा त्यांना उमगलं नाही. मलाही नाही.

त्या दिवसापासून विकतचा माल पिशवीत आणि वरची मूठ ओटीत. "मूठ ओटीत टाका भाऊ," असं त्या म्हणाल्या की दुकानदार आधी चमकायचे, मग सवयीचे झाले. बाजार उलगडेपर्यंत लुगड्याच्या ओटीत तूर, मूग, बरबटी, ज्वारी, चार शेंगदाणे, कधी दोन लाल मिरच्या असं सगळं एकत्र झालेलं असायचं. घरी आल्यावर शेवंता ते सुपात घ्यायची. डाव्या हाताने मिरच्या तेवढ्या वेचायची, बाकी निवडणं नाहीच. परसात तीन दगडांवर तिची वेगळी चूल. वेगळी अशासाठी, की भासऱ्यांना दिसावं. ज्वारीचे दाणे, डाळी, सगळं एकाच मडक्यात शिजायचं. ते वरण दर बाजाराला वेगळ्या रंगाचं व्हायचं आणि त्याला वासही दर वेळी नवा असायचा. मुलींना आमच्या तुरीच्या वरणापेक्षा मावशीचंच आवडे. त्या आपली भाकरी घेऊन परसात पळायच्या आणि अदलाबदल करू बघायच्या. शेवंता वरण द्यायची, भाकरी परत करायची. "ठेव माय. थे तुह्या बापाच्या पैशाची हाये." मुली हसायच्या, त्यांना तो खेळ वाटायचा. एकदा खुद्द भासरे जेवताना म्हणाले, "आज वास चांगला येऊन राह्यला." मग आपल्या तुरीच्या वरणात भाकरी कुस्करली.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. एक अख्खं माणूस आमच्या घरात वरच्या मुठींवर जगत होतं. अंगाने भरलं नाही, पण जगत होतं. तिला पोसण्याच्या निमित्ताने मोठ्याबाई इतक्या जागी इतक्या बारकाईने बाजार करू लागल्या की घरचा खर्चही उलट थोडा कमीच झाला. हे भासऱ्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण ते म्हणाले नाहीत, आणि आपणहून सांगण्यातल्या मोठ्याबाई नव्हत्या.

मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी कसंबसं निभावलं. दुसऱ्या वर्षी विहिरी आटल्या, रेशनवर मिलो नावाचं अमेरिकेचं लाल धान्य आलं, त्याच्या भाकरीने मुलींची पोटं दुखायची. रेशनकार्डावर शेवंताचं नाव नव्हतं. ते रिठदच्या कार्डावर होतं, आणि तिच्या वाटचं धान्य तिथे तिचा नवरा उचलत होता. भाव वाढल्याचं पेपरात रोज छापून येई. वरची मूठ बंद झाली, हे कुठेच छापून आलं नाही. आधी मिरचीवालीने हात आखडला, मग शेंगावाल्याने. दुकानदार काटा डोळ्यांसमोर धरून चार दाणे काढू लागले, तिथे वरून टाकायचं नावच नको. मोठ्याबाई माल घेऊन झाल्यावर ओटी पसरून उभ्या राहायच्या आणि समोरचा माणूस मागच्या गिऱ्हाइकाशी बोलू लागायचा. हबीबचाचांनी सगळ्यांच्या नंतर बंद केलं. महिनाभर ते पंजा घालत होते, पण मूठ इतकी घट्ट आवळून काढत की ओटीत पडायचं ते चिमूटभर. शेवटी एका बाजाराला त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "बहेन," ते म्हणाले, "अब मेरेकू बी कोई ऊपर से नहीं देता." मोठ्याबाई म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं चाचा." आणि ओटी झटकून खोचून घेतली.

माझ्या भाकरीतली अर्धी मी शेवंताला देऊ केली, तिने घेतली नाही. मोठ्याबाई जेवायला बसल्या की "मले भूक नाई" म्हणून ताट तिच्यापुढे सरकवायच्या. ती म्हणायची, "बाई, बोलली होतीस ना थे मोडू नको. माह्यासाठी खोटी पडू नको." दोघी बहिणी एका ताटाकडे बघत बसायच्या आणि शेवटी ते ताट मुलींकडे जायचं. शेवंताच्या गळ्याच्या शिरा दिसू लागल्या.

तेव्हा मोठ्याबाईंनी जे केलं ते त्यांच्यासारख्या बाईने एरवी कधी केलं नसतं. शेलूबाजारच्या बाजारात शेतकरी स्वतः माल घेऊन बसतात, त्यांचा हात अजून आखडला नसेल, असं कुणीतरी म्हणालं. तेवढ्यावर त्या बाजाराचे पैसे घेऊन बसमध्ये बसल्या. दिवेलागणीला परत आल्या तेव्हा ओटी जवळजवळ निम्मी भरलेली. आम्ही सगळ्या भोवती जमलो, शेवंताने सूप पुढे केलं, मुली टाळ्या वाजवायला लागल्या. भासरे दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "तिकिटाले किती पडले?" मोठ्याबाईंचा हात ओटीतच राहिला. जाण्यायेण्याच्या तिकिटात त्या ओटीतल्या मालाच्या दुप्पट डाळ वाशीमलाच विकत आली असती. ज्या बाईने उभ्या आयुष्यात बाजारात एका पैशाचा हिशेब चुकवला नव्हता, तिला हे दिवसभरात सुचलं नव्हतं.

"इतक्या पैशाची डाळ विकत आनून तिले घातली असती," भासरे हळूच म्हणाले, "त म्या काय म्हनलं असतं?"

मोठ्याबाईंनी वर पाहिलं. "म्हनलं असतं तुमी."

खरं होतं की नाही, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण शेवंता सूप घेऊन तिथेच उभी होती आणि तिने दोघांचंही ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बायका रिसोडकडच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला निघाल्या, त्यांच्यात ती जाऊन उभी राहिली. मोठ्याबाई मागे धावल्या. "हात असा, खडी कशी फोडशीन तू?" शेवंता म्हणाली, "फोडाची काहून? घमेलं वाहीन. डोक्यावर ठेवून देनारं कोनी भेटलं म्हंजे झालं." ती तिथेच तळावर राहू लागली आणि पहिल्या पगाराला दोन दिवसांसाठी आली, कामावर खायला मिळणारी सुकडी मुलींसाठी फडक्यात बांधून घेऊन. उन्हाने काळी पडली होती, पण बोलत होती, हसत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या चुलीपाशी बसून, तिच्या पैशाने आणलेल्या पिठाची भाकरी तिने आम्हा सगळ्यांना वाढली. मला वाटलं, सुटली. मोठ्याबाईंनाही तसंच वाटलं असणार. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

वैशाखात कामावरच्या तळावर हगवण-ओकारीची साथ आली. आम्हाला कळलं तेव्हा तिची माती होऊन गेली होती. भासरे रजा टाकून गेले, जागा बघून आले, आणि ओट्यावर टेकले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "तिच्या नावानं जेवन घालू. वस्तीतल्या चार लोकाइले बलावू."

मोठ्याबाईंनी विचारलं, "कोनाच्या पैशाचं?"

जेवण झालं नाही. त्या दोघांत भांडणही झालं नाही. रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. भांडणाचं एक बरं असतं, ते मिटू शकतं.

पुढल्या वर्षी पाऊस चांगला झाला. ज्वारी आली, तूर आली, बाजार भरू लागला आणि हळूहळू मूठही परत आली. हबीबचाचांनी आम्हाला लांबून पाहिलं आणि डाळ तोलून झाल्यावर भरगच्च पंजा उचलला. मोठ्याबाईंनी पिशवीचं तोंड हाताने झाकलं. "राहू द्या चाचा." त्यांना वाटलं, राग धरला. ते म्हणाले, "बहेन, दुकान का रिवाज है." त्या म्हणाल्या, "हो ना. पन आता घरी थे खानारं कोनी नाई." चाचांनी मूठ ढिगावर सोडली... तो बाजार मी कधी विसरणार नाही. त्यानंतर मोठ्याबाईंनी सगळा किराणा एका जागी, एका वजनात घेतला. भाव केला नाही. घरचा खर्च शेवंता असतानापेक्षा वाढला. भासऱ्यांनी कारण विचारलं नाही, पैसे काढून दिले.

यजमानांना नोकरी लागली, मला लागली, आम्ही शेलूबाजारला आलो. मुली उजवल्या. दम्यामुळे भासऱ्यांनी नोकरी मुदतीआधीच सोडली. मोठ्याबाई सगळ्यांना वाढून मग बसायच्या आणि बसल्या तरी कण्या चिवडल्यासारखं करून उठायच्या. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, यांच्या अंगात रक्तच नाही, या जेवत नाहीत का? मोठ्याबाईंनीच उत्तर दिलं, "जेवतो ना डाक्तर. लागते थेवढं जेवतो." त्यांच्याकडून मी ऐकलेलं ते शेवटचं खोटं. घरात तेव्हा दोन पोती ज्वारी होती.

मोठ्याबाईंचं पुण्यानुमोदन, आमच्यातला मरणानंतरचा विधी, आटोपल्यावर आम्ही भासऱ्यांना आमच्याकडे घेऊन आलो. आमच्याकडे आता दोन पगार येतात, तोंडं मोजायची वेळ राहिलेली नाही. पण पहिल्याच बाजाराच्या दिवशी ते खांद्यावर टॉवेल टाकून निघाले आणि परत आले ते लहान-लहान पुड्या घेऊन. पावशेर तूर, पावशेर मूग, छटाकभर काय काय, प्रत्येक वेगळ्या दुकानाची. पुड्या त्यांनी माझ्या डब्यांत ओतल्या. टॉवेलच्या एका कोपऱ्याला गाठ होती, ती सोडली नाही. परसात तीन दगड मांडले आणि गाठीतलं जे होतं ते शिजत टाकलं. दोन घोट होईल इतकंही नव्हतं. मी आजवर भासऱ्यांशी कधी समोरून बोलले नव्हते, आमच्यात ती रीत नाही. त्या दिवशी मी दारात येऊन म्हणाले, "दादा, घरात वरण झालं हाये." ते फुंकणीवरून तोंड न उचलता म्हणाले, "थे तुमचं. मले हे पुरते."

पुरत नव्हतं. त्यांना मूठ मागताच येत नव्हती. यजमानांनी बाजारात पाहिलं, माल घेऊन झाल्यावर ते टॉवेल पसरून नुसते उभे राहतात. एका दुकानदाराने तर "बाबा, पुढं सरका," म्हणून हात हलवला, जसा दारच्या भिकाऱ्याला हलवतात. यजमानांनी समजावलं, रागावले, पाया पडले. दुसऱ्या कशालाही ते नाही म्हणत नाहीत, औषध घेतात, मुलींकडचा नातू आला की त्याला खेळवतात. ताट मात्र नको.

शेवटी मी बाजारातल्या तिघा-चौघांना गाठलं. म्हटलं, आमचे दादा येतील, पावशेर घेतील, वरून चांगली मूठ टाकत जा. त्याचे पैसे मी मागाहून देत जाईन. दुकानदारांचं काय जातं, कबूल झाले. गेल्या बाजाराला भासरे टॉवेलची गाठ दोन्ही हातांत धरून आले. गाठ फुगलेली होती. चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, लहान मुलाचं असतं तसं. आपणहून माझ्याशी बोलले, तेही पहिल्यांदाच.

"बाई," ते म्हणाले, "तिले जमे तसं आता मलेही जमाले लागलं."

मी "हो" म्हटलं. ते परसात गेले, मडकं चढवलं, आणि थोड्या वेळाने त्या वरणाचा वास घरभर आला. मी पदराच्या टोकाला मुठींचे पैसे बांधले आणि दुकानं उठायच्या आत पोचावं म्हणून मागच्या दाराने बाजारात गेले.